पाच भोकं, तीन माणसं

या खेपेला सील मिळालं नाही, तर बर्फगाडी ओढणारी आपली कुत्री पर्यटकांना फिरवणाऱ्या एका मालकाकडे पुढच्या विमानाने पाठवायची, असं आयपिलीमामाने ठरवूनच टाकलं होतं. त्यांना खायला घालायला घरात काही उरलं नव्हतं. गावच्या रेडिओवर त्याने हाक दिली, "उद्या बर्फावर कोण येतंय?" उत्तरादाखल कुणीतरी हॉकीचा स्कोअर सांगितला. म्हणून निघालो तिघंच: मामा, त्याची लेक उलायुक आणि मी. मी आलो तो मामाची बोलणी चुकवायला.

गोठलेल्या समुद्रावर पुढच्या कुत्रीने हुंगत हुंगत पाच भोकं दाखवली. सील श्वासाला कुठल्या भोकाशी वर येईल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पूर्वी प्रत्येक भोकावर एक माणूस उभा असे. आम्ही तिघं तीन भोकांवर उभे राहिलो आणि सील उरलेल्या दोन भोकांत मजेत श्वास घेत राहिलं.

"तुझं नाक वाजतंय रे," मामा माझ्यावर खेकसला. "सील काय, देवमासासुद्धा पळेल!"

"बाबा, तुम्ही एकटेच उभे राहा," उलायुक म्हणाली. "बाकीच्या भोकांवर आम्ही नाचतो."

आम्ही नाचलो. पाय आपटत या भोकावरून त्या भोकावर धावलो. वैतागलेलं सील शेवटी मामाकडेच गेलं. भाला सुटला! लागला! भाल्याची दोरी सरसरत आत गेली, मामाने ती मनगटाला गुंडाळली.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. वारा फिरला होता आणि नाचण्याच्या नादात कुणीच तिकडे पाहिलं नव्हतं. बर्फ फाटून किनाऱ्याच्या आणि आमच्यामध्ये काळं पाणी!

"बाबा, दोरी कापा!"

"भोक मोठं केलं की येतंय वर!"

"आणि कुत्री इथंच बुडाली, तर खायला घालणार कुणाला?"

मामाने कुत्र्यांकडे पाहिलं. सुरी काढली. दोरी तुटली. आम्ही गाडीवर चढलो आणि कुत्र्यांनी पाण्यावरून उडी घेतली! गाडी पाण्यावर पुलासारखी आडवी अडकली, मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो, उलायुकने मला जॅकेटच्या टोपीला धरून वर ओढलं. वाचलो.

संध्याकाळी मामा रेडिओवर म्हणाला, "बर्फावर नजर ठेवायला चौथा माणूस असता, तर सील सुटलं नसतं." जखमी जनावर सुटल्याचं त्याला फार लागलं होतं.

सकाळी दारात गोठलेले मासे आणि दुकानातून आणलेली कुत्र्यांच्या खाण्याची पोती, असा हा ढीग! कुत्री आता कुठेही जाणार नव्हती. मला बरं वाटलं, आणि गावाची थोडी लाजही वाटली.

मामा ढिगाभोवती फिरून आला.

"एवढी माणसं दारापर्यंत आली," तो म्हणाला, "पण आत येऊन 'पुढच्या वेळी मी येतो' असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही."