सातावरचा चरा

ललित विधातेची सही पाहिली आणि मोटार वाहन निरीक्षक गायधनींच्या हातातला चहा तिथंच थांबला. सही आठ दिवसांपूर्वीची होती. ललित मात्र मोटारसायकलसकट बेपत्ता होऊन तीन वर्षं झाली होती.

अर्ज तसा साधा. गोरक्ष मेकॅनिकनं आपल्या गाडीचं खराब इंजिन काढून दुसरं बसवलं होतं, ते आरसी बुकात चढवायचं होतं. १९९९ साल, नियम कडक. बसवलेल्या इंजिनाच्या मूळ मालकाचं संमतीपत्र हवं आणि त्यावर इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट हवी. म्हणजे नंबरावर कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल घासायची, पट्टी पत्रावर चिकटवायची आणि तिच्यावरून मालकानं सही करायची.

गायधनींनी जुनं रजिस्टर काढलं. नंबर ललितच्याच गाडीचा. सहीही त्याचीच, तिळमात्र फरक नाही.

आता पंचाईत अशी, की ललितची आई आरटीओच्या फाटकाशीच बसायची. रंगूबाई मळ्यातला झेंडू आणून नव्या गाड्यांना हार विकायची. पोलिसांनी हात टेकले, पण ती बधली नाही. गाडी कुठंही असली तरी कधी ना कधी पासिंगला इथं येणारच, हे तिचं गणित. ऑफिसातले शहाणे तिला हसायचे. हसोत बापडे.

शिपायानं बातमी फोडली आणि बाई धावतच आत आली.

"साहेब, सही करतोय म्हंजी जिता हाय ना माझा ललित?"

गायधनींनी अर्ज पालथा घातला. क्षणभर त्यांनाही तसंच वाटलं होतं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

गोरक्षला बोलावलं. तो ललितचा जिगरी दोस्त, रंगूबाईला मावशी म्हणणारा. ललितच्या नव्या गाडीचे सगळे कागद, सह्यांसकट, त्यानंच केले होते. आज त्याची गाडी फाटकातून आत येताना बाईनं तिला मायेनं फुकट हार घातला होता.

ललित मालेगावात भेटला, असं गोरक्षनं सांगितलं. घरी कळवू नको म्हणून शपथ घातली, इंजिन विकलं आणि निघून गेला.

"प्रिंट कुणी काढली?"

"मीच साहेब. आठ दिवस झाले."

"आणि सही?"

"पट्टी चिकटवल्यावर. माझ्यासमोर."

गायधनी आवारात गेले. गाडी सुरू करून पाहिली, मग बंद करून उकिडवे बसले आणि स्वतः प्रिंट काढली. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. नव्या पट्टीवर सातच्या आकड्यातून आडवा चरा गेला होता. अर्जावरचा सात स्वच्छ होता. इंजिनावरच्या चऱ्यात काळा, जुना मळ बसला होता.

"हा चरा आठ दिवसांतला नाही," ते आत येऊन म्हणाले. "अर्जावरची प्रिंट गाडी आपटायच्या आधीची आहे, नवी होती तेव्हाची. पुढं लागतील म्हणून तू तेव्हाच पट्ट्या चिकटवून कोऱ्या कागदांवर ललितच्या सह्या घेऊन ठेवल्यास. त्यातल्याच एकावर आता मजकूर लिहिलास. नंबर खोडला तर पकडतात, हे मेकॅनिकला कुणी सांगायला नको. खरा नंबर, खरी सही, मग कोण विचारतो? गाडी कुठं पडली, गोरक्ष?"

पेठच्या घाटात, गोरक्ष म्हणाला. गाडी तोच चालवत होता, पिऊन. ललित दरीत गेला, गाडी कठड्याशी अडकली. गोरक्ष गाडी घेऊन पळाला आणि तिचे भाग सुटे करून गॅरेजात लपवले. त्यानंतर तीन वर्षं तो मावशीच्या हातचा चहा पीत आला होता.

रंगूबाई दारातच उभी होती. तिला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"लगीच गेला का रं त्यो?"

"नाय मावशी. हाका मारत व्हता."

"कोनाला?"

गोरक्षनं मान वर केली नाही.

"मला."

रंगूबाई बाहेर गेली, गाडीवरचा हार काढून तिनं पदरात घेतला. मग खाली बसून इंजिनावर हात ठेवला. ते अजून कोमट होतं.