येतो म्हणून निघालेले

सांगलीहून पाचगणीला सायकलनं जाऊन यायचं, हे तौसीफचं खूळ. हळदीच्या पेढीवर बसून बसून त्याचं पोट सुटलं होतं. मी शाळेपासून त्याच्या शेपटासारखा. चल म्हणाला, निघालो. जरा जवळ सरकून बसा, हे मोठ्यानं सांगवत नाही मला.

परतीच्या दिवशी दुपारी, इस्लामपूरच्या अलीकडं, हायवेवरच्या ट्रकांना कंटाळून आम्ही उसातल्या वाटेला लागलो. जानेवारीतलं ऊन. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मध्ये बैलगाडीपुरता रस्ता. पाण्याच्या बाटल्या संपल्या तेव्हाच एक कौलारू घर लागलं. ओसरीवर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. साळूबाई म्हणून नाव सांगितलं तिनं. तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, मूठभर शेंगा दिल्या. इतकी मायेची बाई, की उठवेना.

"ऱ्हावा की आज," ती म्हणाली.

"न्हाई आजी, अंधाराच्या आत सांगली गाठायची हाय."

"मग परत कवा?"

"येतो की परत," आम्ही दोघंही म्हणालो. आपण म्हणतोच ना असं? त्या वाटेला पुन्हा फिरकणार नसतो, तरी म्हणतो. घरातून उठताना 'जातो' म्हणायची आपल्याला चोरीच.

अर्धा तास पायडल मारलं, एक वळण आलं, आणि समोर तेच घर. तौसीफ हसला. "चुकलो की रं वाट." पुन्हा पाणी, पुन्हा "येतो आजी". पुन्हा वळण, पुन्हा घर. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही. सायकलच्या मीटरवर एकवीस किलोमीटर वाढले होते आणि ओसरीवरची उन्हाची तिरीप मात्र होती तिथंच होती. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. शिळ्या रसासारखा आंबूस वास, आणि तिच्या बोटांत शेंग फुटायची तेवढाच आवाज.

"आजी, हायवेला कुठनं जायचं?" मी विचारलं.

"आता कशाला हायवे?" तिनं मान वर केली नाही. "तुमीच म्हनला न्हवं, येतो म्हून... समदी म्हंत्यात. जी आली, ती हाईत हितंच..."

लघवीच्या निमित्तानं मी घरामागं गेलो. गोठ्याच्या भिंतीला सायकली टेकवल्या होत्या. सहा की सात. एक जुनी, कॅरियरची. एक अगदी माझ्यासारखी, हँडलची टेपसुद्धा नवी. सगळ्यांच्या तारांतून गवत वर आलं होतं. गोठ्याचं दार बंद होतं, आणि आत कुणीतरी जेवून उठल्यावर देतात तसा ढेकर दिला.

परत येऊन तौसीफच्या कानाशी लागलो. "निघताना येतो म्हणू नकोस. परत येणार नाही, असं स्पष्ट म्हण."

"म्हातारीला? जिनं पाणी पाजलं तिला?" तो कुजबुजला. "अम्मीनं हेच शिकवलं व्हय रं?"

"तौसीफ... हात जोडतो तुला."

मग मी ओसरीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "जातो आजी. परत न्हाई यायचो."

म्हातारीची बोटं थांबली. डोळे भरून आले तिचे, खरंच भरून आले. मला माझीच शरम वाटली, आणि तौसीफला माझी माझ्याहून जास्त वाटली. मी सायकल वळवत असतानाच मागून त्याचा आवाज आला, कुणाची तरी समजूत काढतानाचा. "आवं आजी, मनावर घिऊ नगासा. मी येतो की."

मी पायडल मारलं. पाच मिनिटांत हायवे आला. मागं वळून पाहिलं तर वाट मोकळी होती.

पोलीस आले, गाववाले आले. त्या वाटेला घर नाही, कधी नव्हतं, असं सगळ्यांनी सांगितलं. मी रोज गेलो. मला एकदाही ते वळण सापडलं नाही. यायचो नाही म्हणालो होतो ना मी.

लांबच्या पल्ल्याला आम्ही एकमेकांना फोनवर लाइव्ह लोकेशन देतो. आठ तासांनी ते आपसूक बंद होतं. त्याचं झालं नाही. नकाशावर उसाच्या मधोमध त्याचा ठिपका होता, महिना झाला तरी होता. त्याची आई, चांदबी, माझा हात धरून म्हणाली, "बाळा, तू बी म्हन की, येतो म्हून. तुला गावंल त्यो."

फेब्रुवारीच्या शेवटी तो ऊस तुटला. मी त्या उघड्या रानात, बरोबर ठिपक्यावर जाऊन उभा राहिलो. नुसती पाचट. चांदबीनं सांगितलेला शब्द ओठांपर्यंत आणला. घरी माझी चार वर्षांची पोर डोळ्यांसमोर आली आणि तो शब्द मी गिळला. तौसीफसाठी एवढंही माझ्याच्यानं झालं नाही. काहीच न बोलता मी सायकल काढली.

रस्त्याला लागल्यावर फोन पाहिला. ठिपका हलला होता. तो रानाच्या बांधापर्यंत आला होता, पाहुण्याला पोचवायला घरचं माणूस येतं तसा, आणि मी दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा होता.