उजव्या सीटवरचा आवाज

खिएम माझ्या बहिणीचा नवरा. त्याला धड खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगतो... हे घडलंय.

गेल्या सालची, १९६६ची गोष्ट. दक्षिण व्हिएतनाममधला बिएन होआचा लष्करी विमानतळ. भर दुपार.

खिएम स्कायरेडर नावाचं जुनं लढाऊ विमान चालवायचा. पुढे भला मोठा पंखा, पोटाखाली बॉम्ब. जेटवाली पोरं हसायची, "काय रे, म्हातारीला फिरवून आणलंस का?"

"तुमची जेटं येतात आणि जातात," खिएम म्हणायचा. "खाली अडकलेली माणसं आमच्या म्हातारीलाच बोलावतात."

विमानात शेजारी शेजारी दोन सीटा. उजवीकडे त्याचा जिवलग दोस्त तोआन बसायचा. महिन्यापूर्वी खालून गोळी आली आणि तोआननं त्याच सीटवर जीव सोडला.

त्या दुपारी खिएम एकटाच परतत होता. खाली शत्रूचं जंगल.

इंजिन नीट चाललं होतं.

आणि कानात आवाज आला...

"खिएम, आग लागलीय. उडी मार."

तोआनचा आवाज.

उजवी सीट रिकामी होती.

मग धुराचा वास आला. पाय भाजायला लागले. समोरच्या मीटरचे काटे मात्र सगळे जागच्या जागी.

"खिएम, उडी मार."

खिएमचा हात डोक्यावरची काच सरकवायला गेला... आणि थांबला.

तोआननं जन्मात त्याला नावानं हाक मारली नव्हती. कायम 'काळ्या'.

"तोआन असशील, तर तो मारायचा तशी हाक मार."



नुसता श्वास... अगदी कानाशी.

"उडी मार."

"नाही मारत," खिएम म्हणाला. "विमान माझं आहे. तुला उतरायचं तर तू उतर."

धावपट्टीला चाकं लागेपर्यंत तो त्या रिकाम्या सीटला शिव्या देत होता.

मेकॅनिक तामकाकांनी सगळं तपासलं. कुठे काळा डाग नाही.

"आणि उजवीकडचा आवाज कसा येईल रे?" ते म्हणाले. "त्या सीटच्या माइकची रक्तानं खराब झालेली वायर मीच काढून टाकलीय."

खिएमनं साहेबांना विनवलं, हे विमान उडवू नका. साहेबांनी त्यालाच रजेवर पाठवलं. विमान क्वी नावाच्या तरुण पायलटला मिळालं.

"काहीही ऐकू आलं तरी उडी मारू नकोस," खिएमनं त्याला बजावलं.

"तोआनदादाला मी कुठे ओळखतो?" क्वी हसला.

चौथ्या दिवशी जंगलावर क्वीनं उडी मारली. सोबत उडणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पायलटनं डोळ्यांनी पाहिलं. ना आग, ना धूर. क्वी सापडलाच नाही.

रेडिओवर त्याचं शेवटचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं...

"हो आई, मारतो."

त्याची आई तो सहा वर्षांचा असतानाच वारली होती.

खिएमला जेटवर बदली देत होते. त्यानं घेतली नाही. "त्या आवाजानं मला पळवून लावलं असं कुणी म्हणायला नको," म्हणतो. आजही स्कायरेडरच उडवतो.

पण घरात माझ्या बहिणीनं मागून हाक मारली, तर लगेच ओ देत नाही...

आधी वळून तिचं तोंड बघतो.