पंच मिळेनात

सणसरला वृषालीच्या ओसरीपाशी मोटारसायकल थांबली. उतरलेल्या पोरानं विचारलं, "बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या मॅडम हितंच राहतात का?"

"मीच ती. मॅडमबिडम न्हाय."

पोरगा गोंधळला. गोंधळल्यावर बरा दिसतो, हे वृषालीच्या नजरेतून सुटलं नाही. शिवम त्याचं नाव, तहसील कचेरीत कंत्राटी कारकून. त्याच्या हातात नोटीस होती. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतांपर्यंत पोचलंच नाही, हा तिचा व्हिडिओ तीन दिवसांत काढा, नाहीतर चॅनेल बंद. कागदोपत्री मात्र पाणी कधीच पोचलं होतं.

"मी घेत न्हाय," ती म्हणाली.

"मग दाराला चिकटवावी लागंल. दोन पंचांच्या सह्या घेऊन."

"चिकटवा की. डिंक देऊ?"

तो हसला... आणि पंच शोधायला गल्लीत गेला. तासाभरानं घामाघूम होऊन परतला. सही कुणी देईना. शेजारच्या लीलाबाईंनी तर झापलंच, "माझाच ऊस वाळला, आन् मीच सही करू व्हय?"

दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त 'तुमी'चं 'तू' झालं. वृषाली आता त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला लागली होती, आणि स्वतःवरच चिडत होती. नोटीस आणणाऱ्याची कुणी वाट बघतं का!

तिसऱ्या दिवशी त्यानं आपला अहवाल तिच्यापुढं धरला. 'व्हिडिओ खरा असल्याचे सांगून ग्रामस्थांनी पंच होण्यास नकार दिला.'

वृषालीनं ती ओळ पुन्हा वाचली. ही तर बातमीच होती — सरकारी कागदावरची!

"हे दाखवलं तर... तुझी नोकरी जाईल."

"ठावं हाय."

"मग न्हाय दाखवत."

"त्यांचं ऐकलं न्हाईस, आन् माझ्यापायी गप बसणार?" त्यानं अहवाल तिच्या हातात दिला. "मला तू आवडतीस, वृषाली. पर गप बसलेली न्हाय."

तिनं तो अहवाल चॅनेलवर दाखवला. सोमवारी चॅनेल बंद झालं, मंगळवारी शिवमचं कंत्राट.

बुधवारी सकाळी तो आला, तेव्हा वृषाली दूध डेअरीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं कालव्याची बातमी लिहीत होती. किटल्या घेतलेली माणसं वाचत उभी होती.

"वर हात पुरंना," ती म्हणाली. "तू लिही, मी सांगते."

त्यानं खडू घेतला. "आन्... माझ्या बोलण्याचं?"

"मलाबी तू आवडतोस," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आता लिही. माणसं खोळंबलीत."