कुंड्या उचलणारा साहेब

"अहो, चोरी अंधारात करतात… भर दुपारी कुंडी पळवायची म्हणजे कमाल आहे!"

समोरच्या तोमोए मावशींची कुंडी पोटाशी धरलेला तरुण दचकला. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"मी कुझे. बांधकाम परवानगी विभाग." त्याने हातांकडे पाहिलं. "तेवढा चष्मा… वर कराल?"

मी केला.

बाबा गेल्यावर घर नव्याने बांधायचं ठरलं होतं. हिनागी गावातली आमची गल्ली अरुंद. नव्या घराने गल्लीच्या मध्यापासून ठरलेलं अंतर सोडायचं. आधीच्या साहेबांनी तो मध्य काढला दोन्हीकडच्या कुंड्यांपासून मोजून. दुसऱ्याच्या कुंडीला हात लावणं आमच्यात उद्धटपणाचं! त्यामुळे ज्याच्या कुंड्या पुढे आल्या, त्याचं फावलं. बाबांनी गल्लीत कधी एकही ठेवली नव्हती. मध्य आमच्याकडे सरकला, आणि त्यांचं युझूचं, म्हणजे सुवासिक लिंबाचं, झाड तोडायची वेळ आली.

"माझ्यापुरती रेषा थोडी सरकवा ना," मी म्हटलं.

"तुमच्यापुरती नाही, शिओरीसान." तो थबकला. "पण सगळ्यांची पुन्हा मोजतो. गटाराच्या दगडापासून."

रविवारी सगळी गल्ली जमली. त्याने दारोदारची प्रत्येक कुंडी उचलली, मोजलं, आणि होती तिथेच, होती तशीच परत ठेवली. फुलाचं तोंडसुद्धा फिरू दिलं नाही. मी पाहतच राहिले.

युझू वाचलं. जागा जाणार होती तोमोए मावशींची.

"वा रे भाच्या!" मावशी कडाडल्या. "सख्ख्या मावशीलाच कापलंस?"

भाचा? त्याचे कान लालबुंद झाले होते.

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी."

"मग जेवायलाही सगळ्यांकडेच जा!"

मी चहा पुढे केला. त्याने नकारार्थी मान हलवली. "परवानगीवर शिक्का बसेपर्यंत तुमच्याकडचं पाणीही चालत नाही."

युझूची फळं पिवळी झाली तेव्हा तो आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"परवानगी झाली. आणि यापुढे सगळ्या गावात दगडापासूनच मोजायचं ठरलंय." मग हळूच, "तो चहा… अजून आहे?"

"गार झाला की तो!"

"चालेल. मावशीने अजून जेवायला बोलावलेलं नाही."

मी फळ तोडलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. सालीचा वास हाताला लागला आणि डोळे भरून आले. तो जवळ येऊन उभा राहिला.

"रोज येईन म्हटलं तर…?"

चष्मा पुन्हा घसरला होता. या वेळी त्याचे हात मोकळे होते. तरी मीच वर केला.