बाहुलीच्या पोटातली माती

टिकूला रीत म्हणून नव्हतीच. विचारलं नाही, सवरलं नाही, सुमनच्या स्टुलावर खुशाल जाऊन बसला. द्वारकाबाईंना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. सुमनने बाईंच्या कारखान्यात जन्मभर त्या स्टुलावर बसून बाहुल्यांचे डोळे रंगवले. गेल्या दिवाळीत ती वारली, आणि बाईंच्या मुलाने तिच्या जागी हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) आणून बसवला. बाकीची स्टुलं रिकामीच होती. त्यांवरच्या बायका तर सुमनच्याही आधी गेलेल्या.

आज टिकूने कहर केला होता. चंद्रावरच्या वसाहतीतल्या मुलांसाठी रंगवलेल्या बाहुल्या टेबलावर आडव्या पडल्या होत्या. कितीही ढकला, आपोआप उभी राहते, हीच तर द्वारकाबाईंच्या बाहुलीची ओळख. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती. चंद्रावरच्यांनी पसंत केल्या तर कारखाना चालणार, नाहीतर दाराला कुलूप. इथल्या मुलांनी लाकडी बाहुली हातात धरणं केव्हाच सोडलं होतं.

बाईंची नात शर्वरी हिने एक उभी केली. पडली. दुसरीही पडली. तिने बुडाची चकती फिरवून काढली. आत पोकळ, पुसल्यासारखं लख्ख.

"बाई, आत वाळका चिखल होता," टिकू म्हणाला. "मी सगळा काढून टाकला."

बाईंनी शर्वरीच्या हातातली बाहुली ओढून घेतली. ती माती त्या स्वतः भरायच्या, दार लावून. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा लाकूड कातायच्या यंत्रावर बाईमाणसाला कुणी बसू देईना. मग त्यांनी लोकांनी फेकलेले, बुडाला गोल झालेले तुकडे वेचले, चाकूने कोरले. बाहुल्या काही केल्या उभ्या राहीनात. रागाच्या भरात एकीच्या पोटात अंगणातली माती कोंबली, आणि ती ताडकन उठली. गल्ली हसायला आली ती बाहुल्या घेऊन गेली. त्यावर हा कारखाना उभा राहिला, बायकांनीच चालवलेला. आणि या मेल्याने ती माती कचऱ्यात टाकली.

पण मातीने ती उठते कशी, असं शर्वरीने विचारलं. बाईंनी आयुष्यभर बाहुल्या उठवल्या, कारण कधी शोधलं नव्हतं.

टिकूने बाहुलीच्या पोटावर बोट ठेवलं. प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य (सगळं वजन जणू जिथे एकवटतं तो बिंदू) असतो, त्याने सांगितलं. बुडात माती असली की तो अगदी खाली असतो. बाहुली कलली की गोल बुडामुळे तो बिंदू वर उचलला जातो. वजनाला तर खालीच जायचं असतं. ते परत खाली येतं, आणि येताना बाहुलीला उभं करतं. माती काढली की डोकं जड पडतं. मग आडवं पडल्यावरच तो बिंदू खाली जातो.

"चंद्रावर जमिनीची ओढ कमी असते ना?" शर्वरी म्हणाली.

"म्हणजे तिथे उठणारच नाही?" बाईंनी विचारलं.

"इथल्याच्या सहावा हिस्सा," टिकू म्हणाला. "तरी उठेल. फक्त अडीचपट सावकाश."

"म्हणजे माझ्यासारखी," बाई पुटपुटल्या.

मातीचे गोळे अजून कचऱ्याच्या डब्यातच होते. ते आत चिकटवायला बाईंनी डिंक काढला. दार मात्र लावलं नाही. त्यांच्या म्हाताऱ्या बोटांतून गोळा निसटायचा, आणि टिकू खाली ओंजळ धरायचा. शर्वरी चकत्या बसवत गेली. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा बाहुल्या टेबलावर डुलत उभ्या होत्या.

बाहुल्यांच्या पेट्या गेल्या. कारखाना पुन्हा सुनासुना झाला. बाईंची चाहूल लागताच टिकू स्टुलावरून उठला. एवढं कुणीतरी त्याला शिकवलं असावं; शर्वरी दुसरीकडेच बघत होती.

"बस," बाई म्हणाल्या. "चुकलास ते चुकलासच. सुमनही पहिल्या वर्षी माझं डोकं खायची. आता हे स्टूल तुझं. आणि मी नसेन तेव्हा माती तू भरायची, टिकू. दार उघडं ठेवून."