आत्यांची आकाशी गाडी

गाडी बघताच तिचे डोळे लकाकले. आकाशी रंग, गोल दिवे, वयाने तिच्याहूनही थोरली! गाड्यांच्या वायरिंगची कामं करण्यात तिची सहा वर्षं गेली होती, पण असं देखणं रूप दुकानासमोर कधी थांबलं नव्हतं. मग चालवणाऱ्याकडेही लक्ष गेलं... चष्मा, विस्कटलेले केस, चेहऱ्यावर धास्ती.

“हा पिवळा दिवा बघता का? इंजिन गेलं की काय?”

“काही गेलेलं नाही. सर्व्हिसिंगची आठवण करून देतोय. केलंय का?”

“गेल्याच आठवड्यात, दुसरीकडे.”

“मग दिवा विझवायचा राहिला त्यांचा.” डॅशबोर्डखाली हात घालून तिने एक बारीक खटका सरकवला. “झालं! उलटा सरकवला तर मात्र परत पेटेल हं.”

“हुशार आहेस गं पोरी!” मागच्या सीटवरून त्याच्या आत्या म्हणाल्या. गाडी त्यांचीच. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून भाचा रजा काढून आला होता.

चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात. दिवा पेटलेला! तिने विझवला. तो उगाच टायरकडे बघत घुटमळला, काहीतरी बोलणार — आणि नुसतंच “थँक्यू” म्हणून निघून गेला. शेजारचा पंक्चरवाला मात्र हसला, “काम कच्चं राहिलं वाटतं!” ते तिला फार लागलं.

शुक्रवारी तिसरी खेप. आता तिने पॅनेलच उघडलं, एकेक वायर तपासली. सगळं ठीक. फक्त खटका उलटा सरकवलेला!

“हे तुमचेच उद्योग ना? गल्लीत माझं हसं होतंय!”

“शप्पथ, मी नाही...” तो कानापर्यंत लाल झाला.

“त्याला नको रागावूस. मीच केलं,” आत्या काळा चष्मा सावरत म्हणाल्या. “उद्या रजा संपतेय त्याची. घरी दिवसभर तुझंच कौतुक, आणि इथे आला की तोंडाला कुलूप! तुझ्या कामाला नावं ठेवतील, हे लक्षात नाही आलं गं. त्या पंक्चरवाल्याला आत्ता सांगून येते.” आणि काठी टेकत त्या निघाल्यासुद्धा.

दोघंच उरली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी केलं नाही, हे खरं. पण... दिवा पेटला की बरं वाटायचं मला. इकडे यायला मिळणार म्हणून.”

तिचे हात आधीच पुसून झाले होते, तरी ती फडक्याने बोटं पुसत राहिली.

“आणि उद्यापासून?”

“तीन तासांचा रस्ता आहे. दर रविवारी येईन... गाडी अगदी ठणठणीत असली तरी. चालेल?”

“रविवारी दुकान बंद असतं.”

त्याचा चेहरा उतरला. तिला हसू आवरेना.

“म्हणून तर मोकळी असते मी. दहाला ये,” ती म्हणाली, आणि ‘या’ ऐवजी ‘ये’ निघून गेलं हे तिच्या लक्षात आलं. तिने ते मागे घेतलं नाही. “...आणि उशीर करू नकोस.”